धागा : पुणे डिव्हिजन कशासाठी कामी आली?

१/ डिझेलचा भाव वर सरकू लागला की दोन गोष्टी हमखास घडतात. जालन्याच्या मोंढ्यात मालवाहू टेम्पोचे भाडे वाढते, आणि इतिहासप्रेमी मित्रांच्या गटांत एक वाक्य नव्याने फिरू लागते : जगातली सगळी युद्धे तेलासाठीच होतात. वाक्य ऐकायला धीट आहे. माझ्या मते ते आळशी आहे, आणि आजच्या या लांबलचक धाग्यात मी त्याच्याशी भांडणार आहे.

२/ आधी कबुली देते. तेलासाठी युद्धे झाली आहेत. १९४१ च्या उन्हाळ्यात अमेरिकेने जपानचा तेलपुरवठा तोडला. त्यानंतर जपानने डच ईस्ट इंडीजकडे, म्हणजे आजच्या इंडोनेशियाकडे, जी झेप घेतली तिचे लक्ष्य तिथल्या तेलविहिरी होत्या. १९४२ मध्ये जर्मन फौजा कॉकेशसमध्ये उतरल्या त्या मैकोप, ग्रोझनी आणि बाकूच्या तेलाकडे डोळे लावून. ऑगस्ट १९९० मध्ये सद्दामने कुवेत गिळला, त्याआधी कुवेत जादा तेल उपसून भाव पाडतो आणि रुमैला क्षेत्रातले इराकचे तेल चोरतो, असा त्याचा जाहीर आरोप होता. यात वाद नाही.

३/ माझा वाद दोन शब्दांशी आहे : ‘सगळी’ आणि ‘साठी’. ‘साठी’ हे मराठीतले मोठे कामचुकार शब्दयोगी अव्यय आहे. युद्धाचे कारण, लढणाऱ्याचा हेतू, जाहीर केलेले निमित्त आणि शेवटी पदरात पडलेला लाभ, या चार निराळ्या गोष्टी ते एकाच पोत्यात कोंबते आणि पोते शिवून टाकते. इतिहासाच्या विद्यार्थ्याचे काम ते पोते उसवणे हे आहे.

४/ सुरुवात घरापासून करू. आमच्या जालना जिल्ह्यातले असई गाव तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळणा आणि जुई या नद्यांच्या मधल्या पट्ट्यात शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी आर्थर वेलस्लीची गाठ पडली. तीन आठवडे आधी, २ सप्टेंबरला, कर्नल स्टीव्हन्सनने जालन्याचा किल्ला घेतला होता. असईत इंग्रजांकडचे मेलेले व जखमी झालेले दीड हजारांहून अधिक होते. नंतर वॉटर्लू जिंकणाऱ्या वेलस्लीलाही असईचा दिवस विसरता आला नाही.

५/ ही लढाई कशासाठी झाली? यशवंतराव होळकरांनी ऑक्टोबर १८०२ मध्ये पुण्याजवळ पेशव्यांच्या आणि शिंद्यांच्या फौजा मोडल्या. दुसरा बाजीराव पळाला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईला कंपनीच्या पदराखाली गेला. तो तह शिंदे-भोसल्यांना मान्य होणे शक्यच नव्हते. दौलतीचा मालक कोण, हा प्रश्न होता. त्या प्रश्नात कापूस कुठे दिसतो का? असईच्या रणात तरी नाही.

६/ पण आता तह पाहा. डिसेंबर १८०३ मध्ये सुर्जी-अंजनगावला शिंद्यांकडून कंपनीने जे मागून घेतले त्यात भडोच आहे. भडोच म्हणजे गुजरातच्या कापसाचे बंदर, आणि त्या काळी मुंबईचे व्यापारी हाच कापूस जहाजे भरभरून चीनला पाठवीत होते. म्हणजे पहिल्या गोळीत कापूस नव्हता, शेवटच्या कलमात होता. ही खूण लक्षात ठेवा. पुढे ती पुन्हा भेटणार आहे.

७/ आता मूळ विषय. ‘तेलासाठी युद्ध’ या वाक्याची परीक्षा मराठी माणसाने घ्यायची तर इराक-२००३ कडे धावण्याची गरज नाही. १९१४ साली मुंबईच्या बंदरातून निघालेली ६ वी पुणे डिव्हिजन आपल्याकडे आहे. जगातल्या एखाद्या तेलशुद्धीकरण कारखान्याच्या रक्षणाचा लेखी हुकूम घेऊन समुद्रापार उतरलेल्या अगदी सुरुवातीच्या फौजांपैकी ही एक, आणि तिच्यात मराठा पलटणी होत्या.

८/ पार्श्वभूमी थोडक्यात. १९०१ मध्ये विल्यम नॉक्स डार्सी याने इराणच्या शहाकडून ६० वर्षांचा तेलाचा मक्ता घेतला : २० हजार पौंड रोख, तितक्याच किमतीचे समभाग आणि नफ्याचे १६ टक्के. २६ मे १९०८ रोजी मस्जिद-इ-सुलेमानला तेल लागले. त्या विहिरीवर पहारा कोणाचा होता? हिंदुस्थानातून गेलेल्या बंगाल लान्सर्सच्या लहानशा तुकडीचा. तेल वर येण्याआधीच हिंदी शिपाई तिथे उभा होता.

९/ १९०९ मध्ये अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनी निघाली, अबादानला कारखाना झाला, डोंगरातून तिथवर नळ आला. इकडे चर्चिल नौदलाची जहाजे कोळशावरून तेलावर नेत होता. १७ जून १९१४ रोजी त्याने पार्लमेंटपुढे प्रस्ताव मांडला : सरकारने २२ लाख पौंड घालून या कंपनीत ५१ टक्के वाटा घ्यावा. २५४ विरुद्ध १८ मतांनी तो मंजूर झाला. सात आठवड्यांत महायुद्ध सुरू झाले. (योगायोग नव्हे आणि कटही नव्हे. जर्मनीशी स्पर्धा दोन्हींच्या मुळाशी होती.)

१०/ १६ ऑक्टोबर १९१४ रोजी ब्रिगेडियर डेलामेनची १६ वी ब्रिगेड मुंबईहून निघाली. तुर्कस्तान तेव्हा अजून युद्धात उतरलाही नव्हता. ब्रिगेडमध्ये ११७ वी मराठा पलटण होती आणि १०४ वी वेलस्लीज रायफल्सही होती. होय, पलटणीच्या नावातच वेलस्ली. असईची सावली कुठवर पडते पाहा! ६ नोव्हेंबरला, तुर्कस्तानशी युद्ध पुकारल्याच्या दुसऱ्या दिवशी, ही फौज शत्त-अल-अरबच्या मुखाशी फाव येथे उतरली. त्याच महिन्यात बसरा पडले.

११/ डेलामेनला दिलेल्या हुकुमात तेलाचे कारखाने, टाक्या आणि नळ यांचे रक्षण हे काम स्पष्ट शब्दांत आहे. ‘बघा, सांगत नव्हतो!’ म्हणायला इथे हात शिवशिवतात. पण त्याच हुकुमात आणखी दोन कामे आहेत : मागून येणाऱ्या फौजेला उतरण्यासाठी जागा धरणे आणि इंग्रज तुम्हाला वाऱ्यावर सोडणार नाहीत अशी स्थानिक अरबांची खात्री पटवणे.

१२/ शिवाय मोहिमेची कल्पना पुढे रेटणारे कागद वाचले तर चित्र आणखी पालटते. इंडिया ऑफिसचा लष्करी सचिव एडमंड बॅरो याच्या २६ सप्टेंबर १९१४ च्या टिपणात भर आहे तो तुर्कांच्या जिहादच्या हाकेवर, अरब शेखांच्या निष्ठेवर आणि आखातातल्या इंग्रजी दबदब्यावर. तेल आहे, पण कोपऱ्यात. महायुद्धाच्या काळात दोस्त राष्ट्रांना लागणाऱ्या तेलाचा फार मोठा भाग अमेरिकेतून येत होता. अबादान गेले असते तर नुकसान झाले असते, आरमार बुडाले नसते.

१३/ म्हणून १९१४ पुरते माझे उत्तर असे : तेल हे अनेक कारणांतले एक होते, आणि ते राखण्याचे होते, बळकावण्याचे नव्हते. फेब्रुवारी १९१५ मध्ये अहवाझकडच्या टोळ्यांनी नळ फोडला तेव्हा फौज तिकडे वळवावी लागली. एप्रिलमध्ये शैबाच्या लढाईत तुर्कांचा बसऱ्यावरचा हल्ला मोडला. तिथे मराठा पलटणी लढल्या. जूनपर्यंत नळ दुरुस्त होऊन तेल वाहू लागले. तेलाचे काम इथे संपले.

१४/ संपले, हा शब्द मी जाणूनबुजून वापरते आहे. कारण खरी शोकांतिका यानंतर सुरू होते.

१५/ टाउनशेंडच्या हाताखाली पुणे डिव्हिजन तैग्रिसच्या काठाने वर सरकत गेली. जूनमध्ये अमारा, सप्टेंबरमध्ये कुत. ऑक्टोबर १९१५ मध्ये बगदादवर चालून जाण्याची परवानगी लंडनहून आली. का? गॅलिपोलीत नाक कापले गेले होते, पूर्वेत पत सावरण्यासाठी एक झगझगीत विजय हवा होता. बगदाद हे नाव वर्तमानपत्रात छान दिसले असते. अबादानच्या नळाच्या रक्षणासाठी शेकडो किलोमीटर वरच्या बगदादची काहीही गरज नव्हती. नदीवरच्या बोटी अपुऱ्या आहेत, दवाखान्याची सोय नाही, हे ठाऊक असूनही जनरल निक्सनने पुढे जाण्याचा आग्रह धरला.

१६/ नोव्हेंबरच्या अखेरीस टेसिफॉनला साडेचार हजारांच्या आसपास माणसे पडली किंवा जखमी झाली. जखमींना बिनस्प्रिंगच्या गाड्यांत घालून नदीपर्यंत आणले आणि उघड्या बोटींवर रचले. ‘मेजिदिया’ ही बोट बसऱ्याला लागली तेव्हा तिच्यावरच्या जखमींची अवस्था पाहून मेजर कार्टर या डॉक्टरने तक्रार केली, तर वरिष्ठांनी त्यालाच अटकेची धमकी दिली. हे सारे नंतर चौकशीत बाहेर आले.

१७/ उरलेली डिव्हिजन कुतला परतली आणि ७ डिसेंबर १९१५ पासून वेढ्यात अडकली. आत १०३ वी, ११० वी आणि ११७ वी या तिन्ही मराठा पलटणी होत्या. १४७ दिवस. धान्य संपत आले, घोडे कापले जाऊ लागले. हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी घोड्याचे मांस खायला धर्माच्या कारणाने महिनोन्‌महिने नकार दिला आणि ते सुकत गेले. सोडवायला आलेल्या फौजेची सुमारे २३ हजार माणसे मेली वा जखमी झाली, आणि आत अडकलेले होते सुमारे १३ हजार.

१८/ शेवटी इंग्रजांनी तुर्कांपुढे पैशाची थैली सोडून पाहिली. रक्कम वाढत वाढत २० लाख पौंडांवर गेली. बोलणी करायला गेलेल्यांत लॉरेन्स होता, तोच पुढचा ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’. दोन वर्षांपूर्वी तेलाच्या कंपनीतला वाटा घेतला होता २२ लाखांना. तेलाचा वाटा मिळाला, माणसांचा सौदा तुर्कांनी नाकारला. २९ एप्रिल १९१६ रोजी कुत शरण गेले. कैद्यांची वाळवंटातून पायपीट सुरू झाली आणि कित्येक वाटेतच राहिले.

१९/ आता मला सांगा, ‘हे सगळे तेलासाठी झाले’ असे म्हटल्याने कोण सुटते? निक्सन सुटतो. व्हाइसरॉय हार्डिंज सुटतो. सिमल्यात बसून फौजेची रसद काटकसरीने पाठवणारा सरसेनापती बोशॅम डफ सुटतो. तेल कोणताही निर्णय घेत नाही, तारेवर सही करत नाही. १९१७ च्या मेसोपोटेमिया चौकशी आयोगाने मात्र माणसांची नावे घेतली. भारतमंत्री ऑस्टेन चेंबर्लेनला राजीनामा द्यावा लागला. (त्याच्या जागी माँटेग्यू आला आणि ऑगस्ट १९१७ ची ती प्रसिद्ध घोषणा झाली. कुतच्या अपयशाचे आणि आपल्या राजकीय सुधारणांचे हे नाते पाठ्यपुस्तकात सहसा जोडून दाखवले जात नाही.) साम्राज्याच्याच आयोगाला जे जमले, ते आपल्या मीम बनवणाऱ्यांना जमू नये?

२०/ पण थांबा. आता समोरच्या बाजूची पाळी. ‘तेलबिल काही नाही, सगळे सामरिक डावपेच होते’ असे म्हणणारे विद्वानही आपल्यात आहेत. त्यांनी १९१८ पाहावे. १९१६ च्या साइक्स-पिको करारात मोसुल फ्रान्सच्या वाट्याला दिले होते. १९१८ च्या उन्हाळ्यात मंत्रिमंडळाचा सचिव मॉरिस हँकी परराष्ट्रमंत्री बाल्फोरला कळवतो की तेलावर ताबा हे आता ब्रिटनचे पहिल्या प्रतीचे युद्धध्येय झाले आहे. शरगतची लढाई ऑक्टोबरच्या अखेरीस होते. तिथे ११४ व्या मराठा पलटणीने नाव कमावले. ३० ऑक्टोबरला मुद्रोसचा युद्धविराम होतो. आणि इंग्रज फौजा मोसुलमध्ये शिरतात युद्धविरामानंतर, नोव्हेंबरमध्ये!

२१/ १९२० मध्ये सान रेमोला फ्रान्सला तेलाचा चौथा हिस्सा देऊन मोसुलची पावती केली गेली. ऑक्टोबर १९२७ मध्ये किर्कुकजवळ तेलाचा प्रचंड फवारा उडाला. तीच नदी, तेच युद्ध, त्याच पलटणी. १९१४ ला तेल कोपऱ्यात, १९१५ ला जवळजवळ गैरहजर, १९१८ ला पाटावर. असईची खूण आठवली का? भडोच जसे तहात आले, तसे मोसुलही. युद्ध पेटवते एक गोष्ट, आणि पेटल्यावर भूक लागते दुसरीचीच.

२२/ ज्यांना खरोखर माल हवा असतो ते पुष्कळदा युद्धाच्या वाटेला जातही नाहीत. याचे उदाहरण आमच्या शेजारचे, वऱ्हाड. निजामाने स्वतःच्या खर्चाने पोसायची हैदराबाद कंटिन्जंट ही फौज, प्रत्यक्षात इंग्रजांच्या हुकमतीतली. खर्च थकत गेला, कर्ज सुमारे ५० लाख रुपयांवर गेले, आणि मे १८५३ मध्ये डलहौसीने त्या कर्जापोटी वऱ्हाड लिहून घेतले. एक गोळी उडाली नाही. आपल्या कारकिर्दीचा आढावा घेताना वऱ्हाडच्या कापसाच्या जमिनीचा उल्लेख डलहौसीने अभिमानाने केला आहे. आठ वर्षांनी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि मँचेस्टरला त्या काळ्या जमिनीची किंमत कळली. १९०२ मध्ये कर्झनने २५ लाख वार्षिक खंडावर ती कायमची पदरात पाडून घेतली.

२३/ याच्या बरोबर शंभर वर्षांनी, १९५३ मध्ये, तेहरानला तोच प्रकार. मोसादेगने तेलाचे राष्ट्रीयीकरण केले होते. लंडन-वॉशिंग्टनने फौज उतरवली नाही, सरकार उलथवले. कर्जखत आणि कट ही दोन हत्यारे तोफेपेक्षा स्वस्त पडतात. ‘युद्ध तेलासाठी’ या घोषणेत अडकलेल्या माणसाला १८५३ आणि १९५३ दोन्ही दिसत नाहीत, कारण तो फक्त तोफांचा आवाज ऐकत बसलेला असतो.

२४/ इराक-२००३ विषयी विचारणारे आहेतच. एप्रिल २००३ मध्ये बगदादचे संग्रहालय लुटले जात होते आणि अमेरिकी रणगाडे तेल मंत्रालयाच्या दाराशी उभे होते. ते दृश्य इतिहासाच्या कोणत्याही विद्यार्थ्याला विसरता येणार नाही. पण २००९ च्या लिलावांत रुमैलासारखे क्षेत्र ब्रिटिश कंपनीबरोबर चिनी कंपनीने घेतले, पश्चिम कुर्नाचा एक भाग रशियन कंपनीकडे गेला. केवळ तेलासाठीच लढलेले युद्ध इतके ढिसाळ वसूल होत नाही. आणि तेलाचा संबंध नव्हता म्हणणाऱ्यांनी ते रणगाडे पुन्हा एकदा पाहावेत.

२५/ राहिला भावाचा प्रश्न, कारण धाग्याची सुरुवात तिथून झाली. भाव आणि युद्ध यांची गाठ आपण समजतो तितकी सरळ नाही. ऑक्टोबर १९७३ चे अरब-इस्रायल युद्ध सिनाई आणि गोलनसाठी होते; तेल तिथे हत्यार होते, आणि काही महिन्यांत पिंपाचा भाव सुमारे ३ डॉलरवरून ११ डॉलरच्या पुढे गेला. १९७२ च्या दुष्काळातून नुकत्याच उठलेल्या मराठवाड्यावर तो दुसरा घाव होता. उलट, जून २०१४ मध्ये इसिसने मोसुल घेतले तेव्हा पिंप सुमारे ११५ डॉलर होते आणि जानेवारी २०१६ मध्ये ३० च्या खाली. तेलाच्या उंबरठ्यावर युद्ध, आणि भाव कोसळलेला!

२६/ एप्रिल २०२० मध्ये तर अमेरिकी कच्च्या तेलाच्या वायदेबाजारात भाव शून्याखाली गेला. पुढच्याच महिन्यात आपल्या केंद्र सरकारने पेट्रोलवर १० आणि डिझेलवर १३ रुपयांनी कर वाढवला. जगात तेल फुकट झाले असताना भोकरदनच्या पंपावर ट्रॅक्टरवाल्याला ते फुकट मिळाले नाही. तेव्हा कुठे युद्ध होते? पंपावरच्या आकड्यात रिफायनरी आहे, रुपयाचा दर आहे, केंद्राचा कर आहे, राज्याचा कर आहे. यातला प्रत्येक आकडा कोणीतरी माणूस ठरवतो. सगळे खापर दूरच्या रणांगणावर फोडले की जवळच्या माणसाला प्रश्न विचारायचे राहून जाते. १९१५ च्या निक्सनला जी सवलत आपण देतो, तीच इथेही.

२७/ म्हणून गटांत पुन्हा ते वाक्य आले तर एवढेच विचारा : कोणत्या महिन्यात? कोणाच्या टिपणात? हुकूम कोणी दिला, आणि तहात काय मागितले? उत्तर ‘तेल’ असेच आले तर आनंदाने मान्य करा. १९४१ च्या जपानबाबत ते तसेच येईल. कुतबाबत येणार नाही.

२८/ शेवटची एक गोष्ट, आणि ती थोडी वैयक्तिक आहे, कारण या पलटणींचा शोध मी तिच्यापासून सुरू केला. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि कबर न मिळालेल्यांचे बसरा येथे स्मारक आहे. ४० हजारांहून अधिक माणसांचे. त्यावर अधिकाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. साध्या हिंदी शिपायांची नावे नाहीत, पलटणीचे नाव आणि ‘इतर इतके हिंदी शिपाई’ असा आकडा आहे. १९९७ मध्ये सद्दामच्या हुकुमाने ते स्मारक मूळ जागेवरून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर, १९९१ च्या युद्धाच्या रणभूमीत नेऊन ठेवले.

२९/ इकडे सातारा, रत्नागिरी, पुणे जिल्ह्यांतल्या अनेक गावांत चावडीच्या किंवा देवळाच्या भिंतीत एक छोटी संगमरवरी पाटी बसवलेली दिसते : या गावातून इतके पुरुष महायुद्धात गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. तिथेही आकडाच. तुमच्या गावात अशी पाटी असेल तर तिचे छायाचित्र गाव आणि तालुक्याच्या नावासह या धाग्याखाली टाका. आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांना त्या आकड्यातल्या एखाद्याचे नाव आठवते का, तेही विचारून लिहा.